कोल्ह्याच्या पासपोर्टवर काय लिहायचं? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की आमच्या टेबलावर सध्या जे रोल-प्लेइंग गेमचं कॅम्पेन चालू आहे (एकजण, गेम मास्टर म्हणजे जीएम, जग रंगवतो, बाकीचे प्लेयर एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळतात; एक बैठक म्हणजे सेशन, सगळ्या बैठका मिळून कॅम्पेन) त्यात माणूस नावाचा प्राणीच नाही, सगळे कोल्हे, ससे, बगळे, घुशी, आणि काळ साधारण १९१८ ते १९३९ च्या मधल्यासारखा, म्हणजे वाफेची इंजिनं, रेडिओ, रेनकोट, सीमेवरचे शिक्के वगैरे. त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही प्रश्न एकत्र केलेत, काही छाटलेत, रागावू नका.

माझ्या जगात लांडग्यांचा देश, अस्वलांचा देश, कोंबड्यांचा देश असे सात देश आहेत. नकाशा झाला, झेंडे झाले, चाळीस पानी इतिहास लिहून झाला. पहिल्याच सेशनला एक प्लेयर म्हणाला, "अच्छा, हे जर्मनी, हे रशिया, हे फ्रान्स, कळलं," आणि मग कोणाला काही इंटरेस्टच उरला नाही. कुठे चुकलं?
— चाळीस पानं वाया गेलेला जीएम

पानं ठेवा, नकाशा फाडा. तुम्ही कोडं घातलंत आणि ते एका मिनिटात सुटलं, मग पुढे खेळायचं काय? पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या काळातली सगळ्यात रसाळ गोष्ट ही, की "तू कुठला?" या साध्या प्रश्नाला लाखो लोकांकडे सरळ उत्तर नव्हतं. पहिल्या महायुद्धात जर्मन, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन आणि रशियन अशी चार साम्राज्यं कोसळली आणि सीमा लोकांच्या घरांवरून गेल्या. उझ्होरोद नावाचं गाव बघा, १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत, १९१९ पासून चेकोस्लोव्हाकियात, १९३८ मध्ये हंगेरीत, म्हणजे तिथला म्हातारा आपल्या अंगणातून न हलता तीन देशांत राहिला. डान्झिग १९२० मध्ये "स्वतंत्र शहर" झालं, धड जर्मनीचं ना पोलंडचं. अप्पर सायलेशियात १९२१ मध्ये लोकांना विचारलं जर्मनीत जायचंय की पोलंडमध्ये, मतदान झालं आणि मग प्रदेशाचेच दोन तुकडे झाले. आता तुमच्या जगात लांडगा दिसला की तो लांडग्यांच्या देशातला, विषय संपला! उत्तर तोंडावरच लिहिलेलं. त्या काळाचा जो जीव आहे तोच तुम्ही पहिल्या पानावर काढून टाकलात.

दुसरं एक, आणि हे जरा गंभीरपणे. त्याच काळात ज्यू माणसांना उंदीर, ढेकूण, किडे म्हणणारा प्रचार जोरात चालला होता आणि तो कुठे जाऊन थांबला ते आपल्याला माहीत आहे. त्यामुळे "उंदीर जातीनेच चोर", "खारी जातीनेच साठेबाज" असं कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती आणि आकडे लिहायच्या कागदावर) लिहिताना हात थोडा थांबू द्या. जगातल्या एखाद्या पात्राने असं म्हणावं, जरूर म्हणावं, पण तुमच्या नियमांनी त्याला दुजोरा देऊ नये. +२ चोरी (म्हणजे चोरीच्या फाशात दोन जास्त) असं उंदराला जन्मतःच दिलंत की तो प्रचार खरा ठरवणारे तुम्ही झालात.

मग प्राण्याची जात कशासाठी? शरीरासाठी. प्राणी म्हणजे मुखवटा नाही, शरीर आहे, हे एक वाक्य मी या पानावर अजून दहा वेळा वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. घुशी घ्या. खऱ्या युद्धात खंदकांच्या खालून बोगदे खणून सुरुंग पेरायचे, ७ जून १९१७ ला बेल्जियममधल्या मेसीन इथे ब्रिटिशांनी असे १९ सुरुंग एकदम उडवले. आता तुमच्या जगात हे काम घुशी करणार, दोन्ही बाजूंच्या, आणि अंधारात त्यांना भिंतीपलीकडे समोरच्या घुशींची नखं ऐकू येणार, महिनोन् महिने. युद्ध संपल्यावर या घुशींचं आपल्या अधिकाऱ्यांपेक्षा पलीकडच्या घुशींशीच जास्त जमेल की नाही? झाली तुमची सीमापार संघटना तयार, दोन्ही सरकारांना नकोशी. (अनुभवाचा सल्ला : घुशीला कस्टम अधिकारी मात्र करू नका. आमच्याकडे केली होती, तासभर "घूस" वरचेच विनोद चालले, केसचा पत्ता नाही.)

सगळे प्राणी बोलतात, विचार करतात, मग वाघ खातो काय? प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच आणि मी "ते सोडा ना" म्हणून पुढे जाते.
— टाळाटाळ करणारी

नका सोडू हो, सोन्याची खाण आहे ती! तुमच्यासमोर तीन रस्ते आहेत. एक, कोणी कोणाला खात नाही, सगळे पाव आणि सूप खातात, हलकाफुलका खेळ असेल तर हे चालतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरा, सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात नावडता : शिकारी विरुद्ध सावज म्हणजे वंशभेदाचं रूपक. ते रूपक लंगडं आहे. वंशद्वेष खोटा असतो, त्याला आधार नसतो, पण सशाला लांडग्याची भीती वाटते तिला आधार आहे, लांडग्याला खरंच सुळे आहेत. म्हणजे तुम्ही दाखवायला गेलात की पूर्वग्रह वाईट आणि दाखवून बसलात की पूर्वग्रहात तथ्य आहे.

तिसरा रस्ता असा. जगात एक रेघ आहे, कायद्याने आखलेली : या बाजूचे "नागरिक", त्या बाजूचं "अन्न". मासे अन्न, किडे अन्न. मांजरासारख्या प्राण्याला मांसातूनच मिळणारी काही द्रव्यं लागतात, नुसत्या पाल्यावर ते जगत नाही, त्यामुळे मासळी आणि किड्यांचे कारखाने हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होतो, जसा आपल्याकडे तेलाचा. मग खेकडा कुठल्या बाजूला? ऑक्टोपस? एखाद्या बंदरात ऑक्टोपसने वकील केला तर? हे एक अख्खं ॲडव्हेंचर आहे, तलवार न काढता.

आणि आता युद्ध आणा मध्ये. ब्रिटिश नाकेबंदी आणि फसलेलं बटाट्याचं पीक यामुळे १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मनीत लोकांनी गुरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढले, तो हिवाळा त्याच नावाने ओळखला जातो. तुमच्या जगात असाच एक हिवाळा, एक वेढलेलं शहर, मासळीच्या बोटी चार महिने आल्या नाहीत. वसंतात वेढा उठला तेव्हा शहरातली सगळी मांजरं, कोल्हे, मुंगसं जिवंत होती. म्हणजे काय झालं असेल? कोणी विचारत नाही. सरकारी अहवालात "बेपत्ता" असा रकाना आहे. सशांच्या मोहल्ल्यात दर वर्षी एक दिवस दुकानं बंद असतात, कारण लिहिलेलं नसतं, आणि त्या दिवशी शेजारचा कोल्हा, जो एरवी रोज नमस्कार करतो, घराबाहेर पडत नाही. आमच्या टेबलावर या एका गोष्टीवर नऊ सेशन चालली आणि एकदाही कोणी कोणाला चावलं नाही. भीती आता सुळ्यांची नाही, आठवणीची आहे, आणि आठवण दोन्ही बाजूंना आहे. हा फरक पकडलात की दुसऱ्या रस्त्यावरचा लंगडेपणा आपोआप जातो.

टेबलावर सगळ्यांना हे झेपेल का ते आधी विचारून घ्या मात्र. सेशन झीरो (खेळ सुरू होण्याआधीची बैठक) त्यासाठीच असतो, फक्त नावं आणि स्टॅट्स (पात्राच्या ताकदीचे आकडे) लिहायला नाही.

पार्टीत (प्लेयरांच्या पात्रांच्या टोळीत) एक उंदीर आणि एक हत्ती आहे. बॅलन्स कसा करू?
— डोकं धरून बसलेला

स्टॅट्समध्ये करायला जाल तर दोघांचंही वाटोळं. उंदराला हत्तीएवढे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) दिले की तो उंदीर राहिला नाही. आधी एक सोपा उपाय सांगतो, पार्टीसाठी मर्यादा घाला, मुंगसापासून रानडुकरापर्यंत काहीही घ्या, त्याहून लहान-मोठे सगळे एनपीसी, म्हणजे जीएम चालवतो ती पात्रं. निम्मी डोकेदुखी गेली.

पण तुम्हाला उंदीर आणि हत्ती हवेच असतील तर हा फरक कुठे बोलतो ते बघा. १९३२ मध्ये, म्हणजे आपल्याच काळात, मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने दाखवलं की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण वजनाच्या पाऊण घाताने वाढते. गणित नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा : ४ टनांचा हत्ती २० ग्रॅमच्या उंदराच्या २ लाख पट जड, पण त्याला लागणारी ऊर्जा साधारण साडेनऊ हजार पटच. म्हणजे वजनागणिक पाहिलं तर उंदराला हत्तीच्या वीसेक पट जास्त खायला लागतं. आता युद्धानंतरची टंचाई आहे, रेशन कार्डं छापायची आहेत. वजनावर वाटलं तर उंदीर उपाशी. माणशी सारखं वाटलं (माणशी कसलं, प्राणीशी) तर हत्ती मेला. झाले दोन पक्ष तयार, "दरडोई"वाले आणि "दरकिलो"वाले, दोघांचे झेंडे, दोघांची वर्तमानपत्रं, दोघांचे रस्त्यावरचे गुंड. आणि मधे एक म्हातारी बगळीण प्राध्यापक, जिच्याकडे बरोब्बर सूत्र आहे, पाऊण घाताचं, पण संसदेत ते कोणाला समजत नाही आणि दोन्ही बाजू तिला फितूर म्हणतात. तुमच्या पार्टीने तिला सुखरूप मतदानापर्यंत पोचवायचं. बघा, उंदीर आणि हत्ती एकाच पार्टीत असण्याला कारणही मिळालं.

बाकी दोन-तीन नियम मी वापरतो : उंदराला उंचावरून पडून इजा नाही (खरोखर नसते, जीव इतका हलका असतो की हवाच त्याला तोलते), हत्तीला दीड मजल्यावरून पडणंही महाग. उंदीर ओला झाला की थंडीने लवकर गारठतो. हत्ती कुठेही लपू शकत नाही आणि त्यासाठी फासे टाकायला मागू नये, मागितले तरी देऊ नका.

माझा डिटेक्टिव्ह कुत्रा आहे. खुनाच्या जागी गेला, वास घेतला, खुनी सापडला, वीस मिनिटांत मिस्टरी खल्लास. काय करू?
— नाक मुरडलेला

हाहा, हे आमचंही झालंय. पहिला विचार असा येतो की नाकाला पेनल्टी द्या. नका देऊ, प्लेयरने कुत्रा नाकासाठीच घेतलाय. त्यापेक्षा विचार करा, ज्या समाजात अर्ध्या लोकांना असा वास येतो तिथे गुन्हेगार कसे वागतील आणि कोर्ट काय म्हणेल.

कोर्टाचं आधी : वास हा पुरावा आहे का? न्यायाधीश गरुड असेल तर त्याला वास दाखवता येत नाही, तो म्हणणार मला दिसेल असं काही आणा. म्हणून डिटेक्टिव्हला खुनी कोण ते पहिल्याच दिवशी माहीत आहे आणि ते सिद्ध करायला पुढचे पाच सेशन लागतात. मला हा प्रकार "कोणी केलं" पेक्षा जास्त आवडतो.

गुन्हेगारांचं : शहरात कोळशाचा धूर आहे, १९२३ पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकलं जातंय, आणि १९२१ च्या शनेल नंबर ५ या अत्तरामुळे प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधद्रव्यांची क्रेझ आलीय. तुमच्या जगात अत्तर ही फॅशन नाही, अत्तर म्हणजे वेषांतर! दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या घराचा वास बाटलीत विकणारा काळा बाजार. काही शहरांत रात्री आठनंतर अत्तर लावायला लायसन्स.

आणि एक दुःखाचा भाग. एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईपर इथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, जुलै १९१७ पासून मस्टर्ड गॅस. खऱ्या युद्धात चेहरा गेलेल्या सैनिकांसाठी पॅरिसमध्ये ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाई तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे बनवून, रंगवून द्यायच्या. तुमच्या जगात खंदकातून परत आलेल्या कुत्र्याचा चेहरा शाबूत आहे, पण नाक गेलंय. बाहेरून काही दिसत नाही. बायको दारात उभी राहते आणि तो तिला ओळखत नाही, आवाज ऐकेपर्यंत. तुमचा डिटेक्टिव्ह असा असेल तर? त्याला हे लपवून नोकरी टिकवायची आहे, त्यासाठी तो एका गल्लीतल्या मांजरीच्या पिलाला पैसे देऊन सोबत ठेवतो आणि ते पिलू कानात सांगतं. तुमच्या प्लेयरला विचारून बघा, माझी पैज आहे तो हो म्हणेल.

पक्ष्यांना उडता येतं, मग सीमा, कस्टम, खंदक या सगळ्याला अर्थच काय?
— जमिनीवरची

फार छान प्रश्न आणि याचं उत्तर इतिहासात तयार आहे. १९१९ मध्ये पॅरिसला विमान वाहतुकीचा करार झाला आणि त्यात ठरलं की देशाच्या डोक्यावरच्या हवेवरही त्या देशाची पूर्ण सत्ता. माणसांना हे विमानं आल्यावर सुचलं. तुमच्या जगात ते युद्धानंतर पहिल्यांदा पक्ष्यांवर लादलं गेलंय! ज्या बगळ्यांची घराणी हजारो वर्षं एकाच वाटेने हिवाळ्यात दक्षिणेला जात होती त्यांना आता चार देशांचे व्हिसा लागतात. ते राजकीय नाहीत, त्यांना क्रांती वगैरे नकोय, त्यांना थंडीच्या आधी जायचंय. यातून जे दलाल, खोटे कागद आणि रात्रीची उड्डाणं निघतील ती तुम्हीच काढा.

ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा कागद नाही त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाचा (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) नान्सेन पासपोर्ट होता, १९२२ पासून, आधी रशियन निर्वासितांना, मग १९२४ पासून आर्मेनियनांना. त्याचा तुमच्या जगातला भाऊ नक्की ठेवा. बेवतन बगळा हे माझं या सगळ्यातलं लाडकं पात्र आहे, फुकट घ्या.

कबुतरांचं वेगळं. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये वेढ्यात अडकलेल्या अमेरिकन तुकडीचा निरोप शेर आमी नावाच्या कबुतराने गोळी लागून, पाय लोंबकळत असताना पोचवला, त्या पक्ष्याला फ्रेंच पदक मिळालं. बोलणाऱ्या कबुतराला पदक मिळालं तर तो भाषण करेल, पेन्शन मागेल, आणि कुठल्या जनरलने कुठलं पत्र लिहिलं होतं हे त्याला पाठ असेल. असा साक्षीदार जिवंत ठेवायचा की नाही, यावर दोन मंत्री झोपत नाहीत.

महागाई कशी दाखवू? सोन्याच्या नाण्यांचा कंटाळा आला.
— खिसा रिकामा

१९१४ च्या सुरुवातीला १ डॉलरला साधारण ४.२ मार्क होते, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. पगार झाला की लोक धावत दुकानात जायचे कारण संध्याकाळी भाव वेगळा. टेबलावर यासाठी किचकट तक्ता करू नका. एक फळा ठेवा, त्यावर दहा वस्तूंचे भाव, आणि प्रत्येक सीनच्या शेवटी एक शून्य वाढवा, बस. दुसऱ्या सीनला प्लेयर स्वतःहून नोटा टाकून बूट आणि साबण गोळा करायला लागतात, तुम्ही एक शब्द बोलायची गरज नाही. खारींनी पुरलेल्या अक्रोडांवर कर्ज काढणं हे पुढचं पाऊल, पण मग सरकार साठेबाजीविरुद्ध कायदा करणार आणि आपण पुन्हा पहिल्या उत्तरातल्या "खारी जातीनेच..." पाशी येतो. येऊ द्या. आता तो प्रचार कोण करतंय आणि का, ते जगात दिसतंय.

थोडक्यात :

*उंदीर दोन-तीन वर्षं जगतो आणि कासव शंभरच्या पुढे, ते तसंच ठेवू का?* नको. उंदराच्या प्लेयरला तीन सेशननंतर नवीन शीट भरावी लागेल. सगळ्यांना साधारण सारखं आयुष्य द्या, कासवाला सूट द्या, कोणीतरी युद्धाच्या आधीच्या युद्धाबद्दल कंटाळवाणं बोलणारं हवंच.

*कपडे घालतात का?* केसाळ प्राण्याला उबेसाठी कपडा नको, खिशासाठी हवा. आणि हुद्द्यासाठी. नुसता कोट बास, पँटवर चर्चा सुरू झाली तर चहाचा ब्रेक घ्या.

*कुठली सिस्टिम (खेळाचे नियम) वापरू?* जी तुमच्या टेबलाला पाठ आहे ती. नवीन जग आणि नवीन नियम एकाच दिवशी शिकवू नका.

*पात्रं "दोन युद्धांमधला काळ" असं म्हणतील का?* अजिबात नाही! त्यांना दुसऱ्याची कल्पनाच नाही. ब्रिटिश सरकारनेच १९१९ मध्ये ठरवलं होतं की पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं धरून खर्च करायचा. तुमच्या पात्रांनी "युद्ध" म्हणावं, एकवचनात, आणि घरं, कर्जं, लग्नं त्या हिशेबाने करावीत. प्लेयरना पुढचं माहीत असतं, पात्रांना नसतं, ही सगळी गंमत तिथेच आहे, तेव्हा टेबलावर कोणी "हे १९३८ आहे, पळा" म्हणालं तर प्रेमाने खाली बसवा.

सगळं वाचून डोकं भरलंय. शनिवारी पहिला सेशन आहे. पहिला सीन काय घेऊ, तेवढं सांगा.
— घाईतला

रात्रीचे तीन, सीमेवरचं स्टेशन, पाऊस. ट्रेन थांबलीय आणि सगळ्यांना कागद घेऊन खाली उतरवलंय. युद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता यायचं, १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने ३२ पानांचा एकसारखा नमुना ठरवला, तेव्हा तुमच्या जगातही ही पुस्तिका नवी कोरी आहे, म्हातारे तिला अजून शिव्या देतात. खिडकीमागे एक साळिंदर बसलंय, चष्मा, झोपाळलेलं, शिक्का हातात. पुस्तिकेत नाव, जन्मगाव, वजन आणि "आहार" असे रकाने आहेत. शेवटचा रकाना वेढ्याच्या हिवाळ्यानंतर आला, का आला ते कोणी बोलत नाही.

प्रत्येक प्लेयरला एक कोरा कागद द्या आणि चारही रकाने स्वतःच्या हाताने भरायला सांगा, कॅरेक्टर शीट नंतर. मग साळिंदर एकेक कागद मोठ्याने वाचतं. कोल्ह्याच्या कागदावर "आहार" पुढे काही लिहिलेलं नसतं (हे त्या प्लेयरला आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा). साळिंदर चष्मा काढतं, पुसतं, मागे रांगेत उभ्या असलेल्या सशाकडे एकदा बघतं, आणि कोल्ह्याला विचारतं, "त्या हिवाळ्यात तुम्ही कुठे होता?"

इथे गप्प बसा. फासे टाकू नका, कोणाला टाकू देऊ नका. आमच्या टेबलावर ससा खेळणारी मुलगी म्हणाली, "माझ्याबरोबर होता." खरं की खोटं ते तिने अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही.